क्लच नसलेल्या गाडीचा क्लच

गिअरबॉक्स उघडायच्या आधी माझा नवरा हात धुतो. बाकीचे मेकॅनिक काम झाल्यावर धुतात, हा आधी धुतो, तेही नखांत ब्रश घालून, कोपरापर्यंत. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. लग्नाआधी मलाही तसंच वाटलं होतं. एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाला, "आत सगळं स्वच्छ असतं गं. घाण आपणच घेऊन जातो." एवढं लांबलचक भाषण केल्यावर तो पुढचे दोन दिवस गप्प होता.

आमची ओळख तंत्रशाळेतली. तो इंजिनाच्या वर्गात, मी विजेच्या. वय एकच, म्हणून आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. आता पंधरा वर्षं एकाच छपराखाली काम करतो. गॅरेज त्याचं आणि कोपऱ्यातली काचेची खोली माझी. तिथे बसून मी गाड्यांचं विजेचं काम करते. माझ्या नाकावर राग असतो असं सासरी सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. दिवसभर दुसऱ्यांनी चुकीच्या जोडलेल्या वायरी उसवत बसल्यावर नाकावर दुसरं काय बसणार? नवऱ्याचं कौतुक करण्याचीही मला सवय नाही. त्यामुळे पुढे मी जे सांगणार आहे ते प्रेमापोटी सांगतेय असं कोणी समजू नये. मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतेय.

गाडीत काय बिघडलंय हे शोधायची त्याची रीत वेगळी आहे. मालकाला चालवायला लावतो, स्वतः मागे बसतो, चपला काढतो, तळपाय गाडीच्या तळाला टेकवतो आणि डोळे मिटतो. मालक बिचारा आरशात बघत असतो, हा झोपला की काय! दहा मिनिटांनी हा डोळे उघडून म्हणतो, "तिसरा गिअर पडायला उशीर होतोय. आतली पट्टी झिजलीये." उघडून बघावं तर पट्टी झिजलेलीच असते. पंधरा वर्षांत दोनदा चुकला. दोन्ही वेळा मला इतका आनंद झाला की काही विचारू नका.

हे शहाणपण त्याला कुठल्या शाळेने दिलेलं नाही. ते ताईकडून आलं. ताई म्हणजे त्याची बहीण, माझी नणंद. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी ती शाळेची बस चालवायला लागली. घरी आईवडील दोघंही कामावर, म्हणून शाळा सुटली की हा दहा वर्षांचा पोरगा थेट ताईच्या बसमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसायचा. शेवटचं मूल उतरेपर्यंत तिथेच. बुडाखाली इंजिन, समोर ताईचे दोन पाय. हिवाळ्यात झाकण छान गरम असायचं, आणि हा तिथे बसून अभ्यास करायच्या ऐवजी ताईचे गिअर मोजायचा.

ताईनं ती बस अठ्ठावीस वर्षं चालवली. मग एके दिवशी पंक्चर काढताना जॅक सरकला आणि बस तिच्या डाव्या पायावर बसली. गुडघ्याखाली वीतभर पाय राहिला. पुढे कृत्रिम पाय आला. आम्ही त्याला 'नवा पाय' म्हणतो. चालायला तो बरा आहे, पण त्याला क्लच कळत नाही, म्हणून तिच्या लायसन्सवर शिक्का बसला: फक्त ऑटोमॅटिक गाडी.

आमच्या घरात सगळे म्हणाले, आता पुरे, घरी बस. ताईनं एक जुनी सात सीटची ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि रुग्णालयाचं काम धरलं. टेकडीवरच्या वस्तीत चार जणांना डायलिसिस लागतं. एक निवृत्त मास्तर, एक बेकरीवाला, एक शिंपीणबाई आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी. आठवड्यातून तीनदा त्यांना खाली आणायचं, चार तास थांबायचं, परत वर सोडायचं. रस्ता सात किलोमीटरचा, वळणं एकोणीस. वर बस जात नाही. दोन वर्षं ताईनं एकही फेरी चुकवली नव्हती.

आणि मग एका सकाळी बाराव्या वळणावर चाकातून धूर आला. ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं. ताईनं गाडी डोंगराच्या बाजूला घासत घासत थांबवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मास्तर तर उतरून म्हणाले, "बरं झालं, जरा हवा खायला मिळाली." पण रुग्णालयाच्या गाड्या बघणारे जे साहेब आहेत, त्यांना हवा वगैरे खायची नव्हती. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "पंधरा दिवस देतो, तोवर दुसऱ्या गाडीची सोय करतो. ही गाडी ब्रेक न तापवता खाली येते हे मला दाखवा. नाहीतर हा मार्ग बंद." माणूस वाईट नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर पंधरा दिवससुद्धा दिले नसते.

मार्ग बंद म्हणजे त्या चौघांनी घरदार सोडून खाली शहरात खोली शोधायची. आणि ताईनं काय करायचं, ते तिनं स्वतःच सांगितलं. त्या दुपारी ती गॅरेजात आली, टायरच्या चळतीवर बसली आणि भावाला म्हणाली, "मला घरी बसवू नकोस रे. बाकी काय करायचं ते कर." मी ताईला ओळखते. ती कोणाकडे साधं पाणीसुद्धा मागत नाही. नवरा उठला आणि हात धुवायला गेला.

दुखणं काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ऑटोमॅटिक गाडी स्वतःला फार शहाणी समजते. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तिला वाटतं, बाईसाहेब आता निवांत आहेत, आणि ती चौथा टाकून मोकळी होते. चौथ्यात इंजिन गाडीला मागे धरत नाही. मग सगळा भार ब्रेकवर येतो. गिअरच्या दांड्यावर D होता, म्हणजे सगळे गिअर गाडीच्या मर्जीने, आणि त्याच्या खाली एकच L. L म्हणजे पहिला. पहिल्यात सात किलोमीटर उतरायचं म्हणजे इंजिन वाटभर बोंबलत राहणार. मधले दुसरा आणि तिसरा गाडीच्या पोटात होते, पण माणसाच्या हातात नव्हते. ते हातात आणून द्यायचे, एवढंच काम होतं.

एवढंच म्हणताना मला हसू येतंय. त्याने मला पुठ्ठ्यावर चित्र काढून दिलं. त्या गिअरबॉक्समध्ये विजेवर चालणारे दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. दोन्ही चालू, दोन्ही बंद, हा चालू तो बंद, तो चालू हा बंद: झाले चार गिअर. ते दोन व्हॉल्व्ह गाडीच्या कॉम्प्युटरच्या हातून काढून घ्यायचे आणि ताईच्या हातात द्यायचे. पण कॉम्प्युटर संशयी असतो. व्हॉल्व्ह दिसेनासे झाले की तो रुसतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. म्हणून मी त्याच्या पुढ्यात व्हॉल्व्हएवढीच वीज खाणारे दोन खोटे भिडू बसवले. तो त्यांनाच हुकूम सोडत राहिला आणि खूश राहिला. वेग जास्त असेल तर खालचा गिअर पडूच नये, अशीही सोय केली, आणि काही बिघडलं तर एक बटण दाबल्यावर सगळं पहिल्यासारखं. ही सगळी जोडणी एका डबीत बसवायची होती. चार दिवस मी त्या डबीवर वाकून होते. नवऱ्याने लेथवर एक छोटा दांडा आणि त्याची मूठ केली. मूठ इतकी सुबक होती की मी दोनदा उगाच हातात घेऊन बघितली. त्याला दिसणार नाही अशी.

सहाव्या दिवशी गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर गाडी नेली. ताई स्टिअरिंगवर, तो तिच्या शेजारी, मी मागे डबी मांडीवर घेऊन.

"पहिला," तो म्हणाला. गाडी निघाली. "आता दुसरा."

ताईनं दांडा ओढला. गाडी गचकन जागच्या जागी थांबली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"तुझी वायर," नवरा म्हणाला.

"माझी वायर? माझी?" मी कपाळ चोळत डबी तपासली. सगळं ठाकठीक. "तुझा दांडा अडकला असेल!"

पुन्हा निघालो. पुन्हा दुसरा. पुन्हा गचका. तिसऱ्या वेळी आम्ही दोघं भांडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात ताई हळूच म्हणाली, "भांडू नका. वायर नाही. माझा पाय आहे तो."

"कुठला?" मी मूर्खासारखं विचारलं.

"नसलेला."

मग मी वाकून बघितलं. ऑटोमॅटिक गाडीत दोनच पेडलं असतात, आणि ब्रेकचं पेडल असतं चांगलं वीतभर रुंद. ताईनं गिअरला हात घातला की तिचा डावा, नवा पाय आपणहून उचलला जात होता आणि क्लच दाबायला म्हणून त्या रुंद ब्रेकच्या डाव्या टोकावर दाणकन पडत होता. अठ्ठावीस वर्षांत त्या पायाने हे किती वेळा केलं असेल याचा हिशोब कोणी ठेवलाय! दोन वर्षं गाडी आपले गिअर आपण टाकत होती, म्हणून तो शांत होता. आम्ही ताईच्या हातात गिअर दिला आणि तो जागा झाला.

मी म्हटलं, दांडा नकोच, स्टिअरिंगवर दोन बटणं देऊ. दिली. तोच प्रकार. 'गिअर बदलायचाय' एवढं मनात आलं तरी पाय उठायचा. मग ताईच म्हणाली, पाय बेल्टनं सीटला बांधा. बांधला. पाय हलला नाही, पण मांडी अशी ताठली की ताई सगळीच्या सगळी सीटवरून उचलली गेली आणि गाडी वाकडी झाली. ताईनं गाडी थांबवली, बेल्ट सोडला आणि दोन्ही हात मांडीत ठेवून बसली. इतकी वर्षं मी तिला बघतेय. तिला लाज वाटलेली मी पहिल्यांदा बघितली.

"काढून टाक सगळं," ती भावाला म्हणाली. "दोन वर्षं शहाण्यासारखा गप्प बसला होता. तुम्ही त्याला उठवलंत."

घरी येताना मी बडबडत होते. पंधरातले सात दिवस संपले होते. मी म्हटलं, "ताईला समजावून सांग आता. पुरे झालं." तो खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "तो चुकत नाहीये." कोण चुकत नाहीये, हे विचारलं तर त्याने काच खाली करून हात बाहेर काढला. अशा वेळी मी हात टेकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताईला गॅरेजात बोलावलं. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद. ब्रेकच्या डाव्या बाजूला त्याने काळा पुठ्ठा उभा ठोकला होता. ताईच्या नव्या पायाच्या बुटाच्या तळाला खडू चोळला. मग स्वतः स्टिअरिंगखाली, पायांपाशी, टॉर्च घेऊन आडवा झाला. एवढा मोठा माणूस त्या खबदाडात कसा मावला, कोण जाणे.

"ताई, डोळे मीट," खालून आवाज आला. "बस घेऊन निघ."

"कुठे?"

"शाळेच्या रस्त्याने. नेहमीसारखी. तोंडाने सांगत जा."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाली, "फाटकातून बाहेर. पहिला." पाय उठला, पुठ्ठ्यावर टेकला. "बँकेपाशी दुसरा." टेकला. "चढ आहे, तिसरा नको अजून. आता तिसरा. पुढे सायकलवाला, दुसरा. अरे हट की बाबा... हं, तिसरा." पाय पुठ्ठ्यावर टेकत होता. ती नाक्यावर थांबत होती, मुलं चढवत होती, एका मुलाला खिडकीतून डोकं आत घे म्हणत होती. मी दारात पान्हा घेऊन उभी होते, तो मी कधी खाली ठेवला मला आठवत नाही. अर्धा तास ती त्या उभ्या गाडीतून अख्खं शहर फिरली.

मग हा सरपटत बाहेर आला, पुठ्ठा काढला आणि मला दाखवला. काळ्यावर खडूचे ठसे. मी मोजले, एक्केचाळीस. आणि ते सगळे एवढ्याशा जागेत होते. वर काडेपेटी ठेवली असती तर झाकले गेले असते. केव्हाच कापून टाकलेला पाय, डोळे मिटलेली बाई, समोर क्लच नाही, आणि एक्केचाळीस वेळा तीच जागा! मी यंत्रांवर काम करते. एवढं नेमकं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

"बघ," तो म्हणाला. "तो चुकत नाहीये. त्याला पेडल नाहीये."

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"मी तोच पाय बघत मोठा झालो," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्याने ब्रेकचं रुंद पेडल डावीकडून कापून साध्या मापाचं केलं. आणि जिथे ठसे होते तिथे, केसभरही इकडेतिकडे न होऊ देता, तिसरं पेडल बसवायला घेतलं. क्लच नसलेल्या गाडीत क्लचचं पेडल.

इथे आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "ठीक आहे, पायाला टेकायला काहीतरी हवंय ना, लाव पेडल. पण त्याला वायर कशाला? विजेच्या दृष्टीने त्याची काडीची गरज नाही. दांडा हलवला की गिअर पडतोच आहे."

"नाही. पेडल दाबल्याशिवाय गिअर पडता कामा नये."

"अरे, पण का? माझी डबी पुन्हा उघडावी लागेल! दिवस उरलेत किती?"

"खोटं नको," तो म्हणाला. "तिला कळेल."

"गाडीला त्याची गरज नाही!"

"गाडीला नाहीच गं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग शिव्या घालत डबी उघडली. दांडा सांगणार कुठला गिअर, आणि पेडल सांगणार, आता. दोन्ही जुळलं तरच व्हॉल्व्हला वीज. जोडताना लक्षात आलं की असं केल्याने चुकून दांड्याला हात लागला तरी गिअर पडणार नाही, म्हणजे उलट बरंच झालं. पण हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

पेडलला स्प्रिंग हवी होती. पहिली लावली, तर ताई म्हणाली, "हे काय, पापडासारखं लागतंय." दुसरी लावली, तर म्हणाली, "हा ट्रक आहे का?" तो भंगारवाल्याकडे गेला, तिच्या बसच्या जातीच्या एका गाडीखाली दोन तास पडून राहिला आणि कपडे काळे करून तिसरी स्प्रिंग घेऊन आला. ती लावली. ताईनं पेडल दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. सात-आठ वेळा दाबून झाल्यावर मी विचारलं, "कशी आहे?"

"अंगठा टेकला," ती म्हणाली.

मी बुटाकडे बघितलं. आत लाकूड आणि रबर.

"माझा अंगठा टेकला गं," ती पुन्हा म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. रडताना मी कधी कोणाला दिसत नाही, पण त्या दिवशी दिसले. नवरा बोनेट उघडून त्यात डोकं घालून उभा होता. बोनेटमध्ये त्या वेळी काहीच काम नव्हतं.

त्यानंतर मैदानावर एकही गचका बसला नाही. पाय उठायचा, पेडल खाली जायचं, हात दांडा ओढायचा, गिअर पडायचा. तीन दिवस ताई टेकडीवर रिकामी गाडी घेऊन वर-खाली करत होती. वाहन कार्यालयाचा माणूस येऊन माझ्या वायरी बघून गेला. त्याला एकही खोट सापडली नाही, आणि हे मी त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेतलं.

पंधराव्या दिवशी साहेब आले. वस्तीवरून खाली यायचं ठरलं होतं. आजाऱ्यांना चाचणीत बसवणार नाही म्हणून त्यांच्या वजनाची वाळूची पोती आणली होती. मास्तरांना ते पोतं मुळीच आवडलं नाही. "माझ्या जागी हे? काही तोंडवळा तरी जुळतो का?" म्हणाले. चौघंही पिशव्या घेऊन तयार उभे होते, कारण तो त्यांचा डायलिसिसचा दिवस होता. पिशवीत मशीनवर असताना पांघरायचं पांघरूण, वाचायला काहीतरी, चार तासांची बेगमी. आम्ही निघालो तेव्हा कोणी हात हलवला नाही. ते नुसते बघत होते.

साहेब पुढे. मागच्या सीटवर मी आणि नवरा, मध्ये मास्तरांचं पोतं. नवऱ्याने चपला काढल्या.

पहिल्या वळणाला ताईनं तिसरा टाकला. इंजिनाचा आवाज जाड झाला आणि गाडीने स्वतःला आवरलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वळणाला ब्रेकला नुसता स्पर्श. उताराचं तोंड दिसलं की डावा पाय खाली, दांडा मागे, दुसरा. रस्ता सपाट झाला की पाय, दांडा, तिसरा. मी तिचे पाय बघत होते. ती स्वतः बघत नव्हती. तिला बघायची गरजच नव्हती. साहेबांनी सुरुवातीला दरवाजावरची मूठ घट्ट धरली होती. आठव्या वळणाला त्यांनी ती सोडली.

बाराव्या वळणावर, तिथेच, वळून बघतो तर पुढे दगडांचा ट्रक उभा. टायर काढलेला, रस्ता अर्धा अडवलेला, आणि समोरून दुसरी गाडी येतेय. आम्ही तिसऱ्यात होतो. आठवलं ते एवढंच, की आता दुसरा पडणार की नाही हे माझ्या डबीतल्या चार जोडांवर अवलंबून आहे. ताईचा पाय खाली गेला. दांडा मागे आला. इंजिन गुरगुरलं, गाडी मागून कोणी पदर धरावा तशी ओढली गेली, आणि ब्रेकवर हलका दाब देऊन ती ट्रकच्या दहा हात मागे थांबली. समोरची गाडी निघून गेली. ताईनं पहिला टाकला, ट्रकला वळसा घातला आणि म्हणाली, "चालायचंच." हे ती आम्हा कोणाला म्हणाली नव्हती. तिच्या आवाजात तीसेक मुलं मागे बसलेली होती.

मी नवऱ्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, तळपाय गाडीला टेकलेले, आणि डोळ्यांतून पाणी. मी माझा हात त्या पोत्यावरून पलीकडे नेला आणि त्याचा हात धरला. या माणसाचं डोकं कसं चालतं हे मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही. आम्ही सगळे गाडी बदलायच्या मागे लागलो होतो, पायाला गप्प करायच्या मागे लागलो होतो. हा एकटा त्या नसलेल्या पायाचं म्हणणं ऐकत आडवा पडला होता. मोठ्या माणसांबद्दल लोक पुस्तकं लिहितात. माझा मोठा माणूस पोत्यापलीकडे अनवाणी बसला होता, आणि त्याला नाक पुसायला रुमालसुद्धा सापडत नव्हता.

खाली रुग्णालयाच्या आवारात गाडी थांबली. साहेब उतरले. पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले, आधी हाताची मागची बाजू लांबून धरली, मग जवळ नेली, मग तळहात चाकाच्या लोखंडावर ठेवला आणि तसाच राहू दिला. चारही चाकांना असंच केलं. परत आले ते हात झटकत.

"कोमट आहेत," म्हणाले. "मी आलो ती गाडी याहून जास्त तापली असेल."

त्यांनी फाइल उघडली आणि गाडीच्या टपावर ठेवून कागद भरायला घेतला. गाडीचा नंबर, मार्ग, तारीख. मग पेन थांबलं. तिथे एक रकाना होता: चालकाच्या डाव्या पायाचा उपयोग. ताईच्या आधीच्या कागदांवर त्यात दोन वर्षं आडवी रेघ मारलेली होती. साहेबांचा हात सवयीने रेघ मारायला गेला, आणि मग त्यांनी वाकून आत बघितलं. तीन पेडलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण ताई स्टिअरिंगवरूनच म्हणाली, "लिहा की साहेब. गिअर टाकायला लागतो."

साहेबांनी ते अक्षर न अक्षर लिहिलं आणि खाली सही केली. ताईनं आम्हाला पोती उतरवायला लावली, लवकर करा म्हणून ओरडली आणि पाय दाबून पहिला टाकला. वर चौघं जण पिशव्या घेऊन उभे होते, आणि त्यांना उशीर होत होता.